केसरच्या नावाची फाईल

सिडको एन-७, औरंगाबाद
रविवार, २३ सप्टेंबर २००१

प्रिय केसर,

हे पत्र हातात आल्यावर तू आधी पाकिटामागचं नाव वाचलं असशील आणि मग बहुतेक थोडा वेळ न उघडताच ठेवून दिलं असशील. तुझ्या जागी मी असते तर तसंच केलं असतं. फुलंब्रीच्या शाळेत आपलं दोघींचं अक्षर इतकं सारखं यायचं की गुरुजी हमखास वह्यांची अदलाबदल करून द्यायचे. आता माझं अक्षर तुला ओळखू यायचं नाही. दीड वर्ष झालं, मी सगळं कॉम्प्युटरवर टाइप करते. पेन धरलं की पाच ओळींत मनगट दुखतं. तरी हे हातानंच लिहायचं ठरवलंय. का, ते शेवटी सांगते. आधी सांगितलं तर पुढचं लिहायचा धीर राहणार नाही.

माझी खबर अशी. आमचे हे, मोतीराम, गेले त्याला चार वर्षं झाली. कंपनीची बस चालवायचे, तुला आठवत असतील. गेल्या साली कंपनीनं आम्हा जुन्या बायकांना स्वेच्छानिवृत्ती दिली, म्हणजे इच्छा कंपनीची आणि सही आमची. चोवीस वर्षं गोळ्यांच्या पॅकिंगला काढली. अजूनही शेंगा निवडताना हात दहा-दहाचे ढीग करतो. आपण लागलो तेव्हा चिकलठाण्यात शेतंच जास्त होती आणि मधे मधे एखादं शेड. आता तिथून वाळूजपर्यंत कारखानेच कारखाने झालेत, आणि आपल्या वेळची शेडं मात्र एकेक बंद पडतायत. एकच मुलगा आहे, सोनाजी. कॉम्प्युटरचं शिकला आणि चेन्नईला नोकरीला लागला. जाताना स्वतःचा कॉम्प्युटर मला देऊन गेला. म्हणाला, "आई, रोज पत्र टाकीन, तू रोज वाचायचं." पहिले दोन महिने त्यानं खरंच रोज लिहिलं. मग आठवड्याला एक. आता दोन ओळी येतात, कामात आहे, तब्येत सांभाळ. त्याचं काही चुकत नाही. पण सकाळी उठल्यावर चहाच्या आधी मी कॉम्प्युटर लावते, केसर. सुरू होताना तो एक छोटा आवाज करतो, गाण्याच्या सुरुवातीसारखा. दिवसभरात या घरात माझ्यासाठी होणारा तेवढाच आवाज.

मराठी टाइप करायला शिकावं म्हणून मी टीव्ही सेंटर चौकातल्या एका क्लासला जायला लागले. सगळ्या पोरी विशीतल्या, आणि मधे मी चाळिशी उलटलेली. शिकवणारी मुलगीही विशीचीच. पहिल्या दिवशी तिनं माझं गाव विचारलं. मी सांगितलं तर म्हणाली, "अहो, ते तर माझ्या आईचं गाव! आईचं नाव केसरबाई, सोयगावला मास्तरीण आहे." मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. कपाळ तुझं आहे तिचं. बोलताना डावा हात हलवते, तेही तुझंच. मी फक्त एवढंच म्हणाले की आम्ही एका वर्गात होतो. पुढच्या सोमवारी विशाखा आपणहून सांगायला आली, की आईला तुमचं नाव सांगितलं. मी विचारलं, काय म्हणाली? तर ती हसली, "काय नाय. भाजी निवडत होती, ती निवडतच राहिली. मग जरा वेळानं विचारलं, तिचे केस पांढरे झाले का गं?" त्या दिवशी क्लासमध्ये मला एक ओळ धड टाइप झाली नाही. निघताना तिनं तिचा ईमेलचा पत्ता माझ्या वहीत लिहून दिला. "आईला काही कळवायचं असलं तर यावर पाठवा मावशी. शनिवारी घरी जाते, वाचून दाखवीन." मी तो पत्ता घरी येऊन यादीत भरला. अकरा पत्ते होते यादीत, त्यातला तो शेवटचा. त्यावर मी कधी काही पाठवलं नाही.

पाठवलं नाही, पण लिहीत होते. क्लासनं मला मराठीचा फॉन्ट फ्लॉपीवर घालून दिला होता. तो टाकला आणि सरावाला काहीतरी लिहायचं म्हणून पहिलंच वाक्य लिहिलं ते 'प्रिय केसर'. फाईलला नाव द्यावं लागतं, ते इंग्रजीतच द्यावं लागतं, म्हणून 'kesar' दिलं. दुपारी जेवून झालं की बसायची, चार ओळी लिहायची, तीन पुसायची. कागदावर लिहिलं असतं तर कुणाच्या तरी हाती लागेल अशी भीती वाटली असती. यंत्रात कोण बघतंय? वर्षभरात आठ पानं झाली. पाठवायची म्हणून मी ती लिहिलीच नव्हती. लिहून ठेवलं की थोडी झोप लागायची, एवढंच.

ऑगस्टमध्ये आमच्या पॅकिंगच्या जुन्या सुपरवायझरबाई, लक्ष्मीबाई, त्यांचं मेल आलं. सोबत एक फाईल आणि इंग्रजीत दोन ओळी. मी शब्द लावत लावत वाचल्या, तर अर्थ असा, की ही फाईल पाठवते आहे, यावर तुमचा सल्ला हवा. केसर, मला किती वर्षांत कुणी सल्ला विचारला नव्हता. मी चष्मा पुसला आणि लगेच फाईल उघडली. आत काही विशेष नव्हतं, त्यांच्या नातवाच्या शाळेचं वेळापत्रक होतं. यावर काय सल्ला द्यायचा, याचा मी दोन दिवस विचार करत होते. मग कॉम्प्युटर जड झाला. एकेक गोष्ट उघडायला इतका वेळ लागायचा की मी तोवर कणीक मळून यायची. फोनचं बिल दुप्पट आलं. आणि एका सकाळी पुतणीचा फोन आला, "काकू, मला हे काय पाठवलंत? नुसती चिंध्या केलेली इंग्रजी अक्षरं आहेत." मी तर काहीच पाठवलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी सोनाजीचा फोन आला. आवाज वैतागलेला. "आई, तुझ्या कॉम्प्युटरला व्हायरस लागलाय. तो आपोआप सगळ्यांना मेल पाठवतोय. माझ्या साहेबालासुद्धा गेलं. इथल्या लोकांनी आता तुझा पत्ताच बंद करून टाकलाय." म्हणजे मी लिहिलेलं आता माझ्या मुलापर्यंत पोचणार नव्हतं. मी विचारलं, मग मी काय करू? तर म्हणाला, "कुणाला तरी बोलावून फॉरमॅट करून टाक. सगळं पुसलं जाईल, पण नवा होईल." सगळं म्हणजे? "म्हणजे सगळं, आई. तुझ्या त्यात असं काय आहे? लोणच्याची कृतीच ना?" मी हो म्हणाले.

कॉलनीतल्या कुणी तरी पुंडलिकचं नाव सुचवलं. पन्नाशीचा माणूस, शेंद्र्याचा. चिकलठाण्याला टीव्ही जोडायच्या कारखान्यात होता, तो बंद पडला तेव्हा घरी न बसता कॉम्प्युटर शिकला. त्याची जमीन आता नव्या औद्योगिक वसाहतीत गेली. "शेतात कारखाना येतोय, अन् मी कारखान्यातून बाहेर," म्हणून तो स्वतःच हसायचा. आला तो फ्लॉपींची डबी घेऊन. मी आधीच सांगितलं, काही करा पण पुसायचं नाही. त्यानं व्हायरस मारायचं औषध चालवलं. हो, तो त्याला औषधच म्हणतो. पडद्यावर नावं सरसर वर गेली, शेवटी आलं, त्रेचाळीस फाईलींना लागण, त्रेचाळीस साफ. मी त्याला चहा दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉम्प्युटर लावला आणि तो परत तसाच. परत बोलावलं, परत त्रेचाळीस, परत साफ. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुंडलिक डोकं खाजवत म्हणाला, "लई चिवट हाय हो बाई. मारतो तवा मरतो, अन् आपण उठलो की हा पण उठतो. फॉरमॅट मारू का? अर्ध्या तासात मोकळे."

मी नको म्हणाले. तो म्हणाला, "एवढं काय हाय त्यात?" मी सांगितलं, एक पत्र आहे. त्यानं पुढं काही विचारलं नाही. फक्त म्हणाला, "मग बसू." आणि बसला. त्या रविवारी सकाळपासून दुपारपर्यंत एकेक कप्पा उघडून बघत होता, आणि मी त्याच्या मागं स्टुलावर बसून होते, दवाखान्यात बाहेर बसतात तशी. दोनच्या सुमाराला तो एकदम टेकून बसला. "सापडला. कचरापेटीत बसलाय." आपण पुसलेलं सामान ज्यात जाऊन पडतं ना कॉम्प्युटरमध्ये, त्याला ते कचरापेटी म्हणतात. त्याचं औषध तिथं बघतच नव्हतं. पुंडलिकनं तिथला व्हायरस मोठ्या रुबाबात पुसला, कॉम्प्युटर बंद करून लावला, आणि मग काहीच उघडेना. पत्र नाही, मेल नाही, साधं बेरीज-वजाबाकीचं यंत्रसुद्धा नाही. कशावरही बोट ठेवलं की एकच, सापडत नाही. पुंडलिकचा चेहरा पडला. आठ पानं गेली असं वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, एका क्षणी सुटल्यासारखंही वाटलं.

तो दोन दिवस आलाच नाही. आला तेव्हा शर्टाच्या खिशात कागदावर काहीतरी लिहून आणलेलं. मित्राला फोन करून विचारलं म्हणाला. त्यानं मला समजावून सांगितलं ते असं, की व्हायरसनं यंत्रात एक नियमच लिहून ठेवला होता. कुठलाही प्रोग्राम उघडायचा झाला तर आधी मला विचारायचं. आता विचारायला तो नाही, पण नियम आहे तसाच, म्हणून सगळं अडलंय. आधी नियम खोडायला पाहिजे होता, मग त्याला मारायचा. दीड तास तो कागदावरची अक्षरं एकेक करून बघत टाइप करत होता. मग त्यानं खुर्ची सरकवली आणि म्हणाला, "तुम्ही बघा आता." मी बसले. फाईल उघडली. 'प्रिय केसर' तसंच होतं.

पण तोवर दुसरीच भीती लागली होती. पुंडलिकनं जाता जाता सांगितलं, "हा व्हायरस रिकाम्या हातानं जात नाय. घरातली एखादी फाईल उचलतो अन् यादीतल्या माणसाला धाडतो. कोणती उचलली, कुणाला धाडली, ते यंत्र सांगत नाय. ज्याला गेली त्यालाच विचारायचं." मी वही घेऊन फोनजवळ बसले. अकरा पत्ते. एकेकाला फोन करायचा, माफी मागायची, आणि सहज विचारल्यासारखं विचारायचं, की फाईलचं नाव काय होतं? पुतणीला 'lonche' गेली होती. लक्ष्मीबाईंना मी सिडकोच्या ऑफिसला नळाबद्दल केलेला अर्ज; त्यांचं ते सल्ल्याचं मेलही असंच आपोआप आलेलं, व्हायरस घेऊन. सोनाजीच्या साहेबाला दिवाळीच्या फराळाची यादी. कुणाला काही वाचता आलं नव्हतं, कारण तो फॉन्ट कुणाकडे नव्हता. तो नसला की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. दहा जण झाले. 'kesar' त्यातल्या कुणालाच गेली नव्हती. अकरावी विशाखा. आणि तो फॉन्ट तर तिच्याच क्लासचा.

कॉम्प्युटर बिघडल्यापासून मी क्लासला गेलेच नव्हते, आणि तिला फोन करायला मला चार दिवस लागले. ते नंतर सांगते. आधी त्या आठ पानांत काय होतं ते सांगते.

त्याची सुरुवात तुझ्या वडिलांपासून होती. अठ्ठ्याहत्तरच्या ऑगस्टमध्ये, नामांतराची दंगल निवल्यावर, कडुबाकाका एकदा आपल्या कंपनीच्या गेटवर आले होते. तुझी पाळी दुसरी होती. पहिली सुटली तशी मी बाहेर आले, तर ते रस्त्याच्या पलीकडे उभे, हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. मला बघून त्यांनी हात जोडले. मी म्हणाले, काका, हे काय? तर म्हणाले, "तुझ्या बापानं आम्हा नवराबायकोला चार दिवस मेंढवाड्यात लपवलं. शेजारच्या गावात वस्ती जळाली तवा बिरू रातंदिस काठी घेऊन बसला बाहेर. अन् इकडं तू माझ्या पोरीला राखलंस. केसरनं सांगितलं मला समदं." त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. मी घेतली, केसर. काय सांगितलंस तू त्यांना? मी त्या शेंगा कंपनीतल्या बायकांना वाटून टाकल्या, एक तोंडात घातली नाही. काका गेले तेव्हा मला आठ दिवसांनी कळलं. शेवटपर्यंत ते मला बघितलं की हात जोडायचे.

आता त्या खोलीचं. औरंगपुऱ्यातल्या मनकर्णाबाईंच्या माडीवरची खोली. त्याआधी तीन घरांनी तुझं आडनाव ऐकून खोली नाही म्हणून सांगितलं होतं. चौथ्या घराच्या पायरीवर मी तुला म्हणाले, तू गप्प राहा, मी बोलते. आणि मनकर्णाबाईंना सांगितलं की ही माझी मावसबहीण. तुला ते आवडलं नव्हतं. वर गेल्यावर तू म्हणाली होतीस, "मला असं लपून राहायला जमायचं नाय, राजे." मी हसले होते. मीच सांगितलं, मीच तुला लपवलं, हे नीट लक्षात ठेव. दीड वर्ष आपण तिथं राहिलो. एकाच स्टोव्हवर रांधलं, एका वाटीनं तेल मोजलं. तुझ्या ट्रंकेच्या झाकणाला आतून बाबासाहेबांचा फोटो चिकटवलेला होता, आणि तू ट्रंक उघडताना दाराकडे पाठ करायचीस.

विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव मुंबईत झाला, त्या दिवशी तू कागदात पावभर पेढे आणलेस. दार लावून आपण खाल्ले. तू इतकी खूश होतीस की बोलताना तुझा हात माझ्या वेणीला लागत होता. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून बातम्या यायला लागल्या, गावोगावच्या. मग संचारबंदी. दुपारी दोन तास सूट मिळायची. अशाच एका दुपारी तू खाली नळावर गेलेली असताना मनकर्णाबाई वर आल्या. गल्लीत पोरांचा घोळका फिरत होता, कुणाच्या घरी कोण भाडेकरू ते विचारत होता. त्या घाबरलेल्या होत्या. तुझी ट्रंक उघडी राहिली होती. फोटो बघून त्यांनी मला विचारलं, "खरं सांग, ही तुझी बहीण आहे का?"

तेवढ्यात तू बादली घेऊन दारात आलीस. मी तुझ्याकडे बघितलं. आणि मी म्हणाले, "मला ठाऊक नव्हतं. तिनंच मला खोटं सांगितलं. मला फसवलं तिनं."

हेच लिहायला मला वर्ष लागलं. आधीच्या सात पानांत मी भीतीचं लिहिलं, घोळक्याचं लिहिलं, माझं लग्न ठरत होतं ते लिहिलं. सगळं खरं आहे. पण घाबरून मी नुसतं नाही म्हणू शकले असते. मी माझं खोटं तुझ्या अंगावर घातलं.

तू दारातून आत आलीस. बादली खाली ठेवलीस, एक थेंब न सांडता. ट्रंकेत दोन साड्या टाकल्यास, झाकण लावलंस आणि जिना उतरलीस. खिडकीतून मी बघत होते. सूट संपायला अर्धा तास उरला होता आणि तुला ट्रंक डोक्यावर घेऊन नागसेनवनापर्यंत चालत जायचं होतं. तिथल्या वस्तीत कुणाकडे तरी तुझी सोय होईल, असं मी मनाशी म्हणत राहिले. पोचलीस की नाही, हे मला पुढचे नऊ दिवस माहीत नव्हतं. तू सकाळी थापून ठेवलेल्या दोन भाकरी टोपलीत होत्या. संध्याकाळी भूक लागली तेव्हा मी त्या खाल्ल्या. मनकर्णाबाईंनी मला वर चहा आणून दिला आणि गल्लीत सगळ्यांना सांगितलं, की भोळी पोर आहे, फसली बिचारी. मी लग्नापर्यंत तिथंच राहिले, त्या नावानं. गावी गेल्यावर आईनं विचारलं, केसर कुठं हाय? मी सांगितलं, तिला दुसरी खोली मिळाली. आईनं तुझ्यासाठी तुपाची बरणी भरून ठेवली होती, ती पण मीच घेऊन आले.

तू कामावर परत आलीस, पॅकिंगच्या पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला उभी राहिलीस, मग पाळी बदलून घेतलीस. नामांतराच्या सत्याग्रहात तुला हर्सूलच्या जेलात ठेवलं होतं ते मला कंपनीतल्या बायकांकडून कळलं. मग तू डी.एड.ला गेलीस. चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला, नाव खरंच दिलं त्या दिवशी, मी रिक्षानं बेगमपुऱ्याला चालले होते. विद्यापीठाच्या गेटकडे नुसती माणसंच माणसं. त्यात तू दिसलीस, पांढऱ्या साडीत, कुणाला तरी हसत मिठी मारताना. मी रिक्षा थांबवली. रिक्षावाला म्हणाला, "उतरना है क्या, बाई?" मी नाही म्हणाले.

आता शेवटचं. गेल्या सोमवारी मी क्लासला फोन लावला आणि विशाखाला म्हणाले, माझ्याकडून काही आलं असेल तर उघडू नकोस, व्हायरस आहे, पुसून टाक. एवढं म्हणून मी फोन ठेवणारच होते. मला तर ती पळवाटच मिळाली होती. पण ती म्हणाली, "मावशी, ते महिनाभरापूर्वीच आलं. व्हायरस मी बाजूला काढला, पत्र ठेवलं. आईचं नाव होतं म्हणून वाचलं नाय, फ्लॉपीवर घेऊन सोयगावला गेले." तुझ्या शाळेच्या कॉम्प्युटरवर तिनं ते उघडलं, आणि तिथं फॉन्ट नव्हता. आठ पानं नुसता चिवडा. त्यात फक्त आकडे तेवढे वाचता येत होते, आणि तू पडद्यावर बोट ठेवून तिला दाखवलंस, चार ठिकाणी १९७८ होतं. तिनं म्हटलं, पुढच्या शनिवारी फॉन्ट आणते, मग सगळं वाचता येईल. आणि तू म्हणालीस, "नको आणू. जिचं हाय तिनं सांगावं." हे तिनं मला तुझ्याच आवाजात सांगितलं, केसर. मी फोन ठेवला. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून कागद आणि पाकीट आणलं. तर हे सांगितलं, यंत्रानं नाही, माझ्याच हातानं. माफी मागत नाही, ती मागायची म्हटलं तर पुन्हा माझंच काहीतरी तुझ्या अंगावर टाकल्यासारखं होईल. एक मात्र विचारायचं आहे, कडुबाकाकांना तू माझ्याबद्दल तसं का सांगितलंस? मला वाचवायला, की त्यांना? हे पत्रानं कळवू नकोस. ये म्हणालीस तर सोयगावच्या पहिल्या एसटीनं येते आणि तू सांगशील तिथं, शाळेच्या व्हरांड्यात म्हणालीस तर तिथं, बसून ऐकते. येऊ नको म्हणालीस तर तेवढंच विशाखाजवळ सांग. मी उद्यापासून क्लासला परत रोज जाते. आणि हो, माझे केस पांढरे झालेत, सगळे.

तुझीच, हे लिहायचा हक्क आहे की नाही ते तू ठरव,
राजी